संगणकातलं पेव : लपलेलं रिकव्हरी पार्टिशन समजून घेऊ या



उन्हाळ्यात आपल्या अमरावती-अकोल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. पारा ४५ च्या वर जातो आणि भर दुपारी लाइट जाते. लाइट गेली की टेबलावरचा संगणक धाडकन बंद. आली की आपण लगेच चालू करतो, विंडोज अर्धवट उघडते न उघडते तोच परत गेली. असं लागोपाठ झालं की पुढच्या वेळी नेहमीचा डेस्कटॉप न येता निळा पडदा येतो आणि त्यावर दुरुस्तीचे पर्याय दिसतात. आपण घाबरतो आणि सीपीयू उचलून दुकानात नेतो. राजकमल चौकाजवळ असो की अकोल्याच्या टिळक रोडला, प्रश्न बहुतेक एकच येतो : "सर, फॉरमॅट मारून देऊ का?" आपण "हो, द्या मारून" म्हणतो. या एका 'हो'मध्ये काय काय जातं, ते आज बघू.

आधी साधा प्रश्न. विंडोज सुरूच झाली नाही, तर तो निळा पडदा आला कुठून? तो आला डिस्कच्या एका वेगळ्या, लपवून ठेवलेल्या कप्प्यातून. त्यालाच रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. विंडोज सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनदा फसला, की संगणक आपणहून या कप्प्यातली छोटी विंडोज चालू करतो. म्हणजे तो पडदा बिघाड नाही. तो मदतीला आलेला असतो! बऱ्याचदा तिथला 'स्टार्टअप रिपेअर' हा पर्याय निवडून थोडा धीर धरला, तर काम घरीच होतं.

जुन्या वाड्यांमध्ये जमिनीखाली ज्वारीचं पेव असायचं, हे आजी-आजोबांकडून ऐकलं असेल. वरून दगड आणि माती, त्यामुळे पाहुण्याला नुसतं अंगण दिसायचं. रोजचं धान्य घरातल्या कोठीतून घ्यायचं, पेव उघडायचं ते अडीअडचणीच्या सालात. रिकव्हरी पार्टिशन म्हणजे संगणकातलं पेवच. 'धिस पीसी'मध्ये ते दिसत नाही, कारण त्याला सी, डी असं अक्षर दिलेलं नसतं.

ते पाहायचं असेल तर कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. पट्ट्या-पट्ट्यांचा नकाशा दिसेल. साधारण १०० एमबीचा एक तुकडा संगणक सुरू होण्यासाठी असतो, तो तर कधीच हलवायचा नाही. मग मोठी सी ड्राइव्ह, आणि बाजूला ५०० एमबी ते १ जीबीच्या आसपासचा 'रिकव्हरी पार्टिशन'. त्याच्यावर राइट क्लिक केलं तर 'हेल्प'शिवाय काही हाती लागत नाही. हे मुद्दाम केलेलं आहे, कोणी चुकून पुसू नये म्हणून. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये यापेक्षा मोठा, १० ते २० जीबीचा आणखी एक कप्पा असू शकतो. लॅपटॉप विकत घेतला तेव्हाची विंडोज आणि त्या मॉडेलचे ड्रायव्हर त्यात भरून ठेवलेले असतात.

इथे एक गैरसमज दूर करतो. १ टीबीची डिस्क घेतली आणि संगणक ९३१ जीबीच दाखवतो, तर "बाकीची जागा लपवली" असं बरेच जण म्हणतात. तसं नाही. कंपनी एक हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून तो फरक. लपलेल्या कप्प्यांचा वाटा त्यात अगदी किरकोळ असतो.

आता फॉरमॅटकडे येऊ. दुकानात घाईच्या वेळी सगळेच पार्टिशन पुसून नव्याने विंडोज टाकली जाते. सी आणि डीमधले लेकरांचे फोटो, शाळेचे निकालपत्रक, जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका तर जातातच, पण कंपनीचा रिकव्हरी कप्पाही जातो, आणि तो परत येत नाही. वर पुष्कळदा अस्सल विंडोजच्या जागी चोरीची प्रत बसते. खरं तर विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतरच्या बहुतेक कंपनी लॅपटॉपमध्ये अस्सल विंडोजची किल्ली मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेऊन टाकली तर ती आपोआप चालू होते. ज्याचे पैसे आपण लॅपटॉप घेतानाच दिले, ते पुन्हा चोरीचं कशाला घ्यायचं?

काही लॅपटॉपमध्ये गंमत वेगळीच असते. तिथे रिकव्हरीचा कप्पा चक्क 'डी : रिकव्हरी' असा उघडा दिसतो. मग आपण, आयती डी ड्राइव्ह मिळाली म्हणून, त्यात फाइली टाकतो. थोड्याच दिवसांत 'जागा संपली' अशी सूचना यायला लागते, आणि कोणीतरी सुचवतं की आतलं सगळं डिलीट करा. तसं करू नका. फक्त आपण टाकलेल्या फाइली दुसरीकडे हलवा. नंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या कप्प्याचं 'डी' हे अक्षर काढून टाकता येतं. आतला माल तसाच राहतो, फक्त नजरेआड होतो.

"जागा कमी पडते, हे पार्टिशन उडवून टाकू का?" हाही नेहमीचा प्रश्न. ५०० एमबी मोकळे करून मिळतं काय? मोबाइलचे दोन-चार व्हिडिओ मावतील, बस. शिवाय मोकळी झालेली जागा सीच्या लगेच उजवीकडे नसेल, तर डिस्क मॅनेजमेंटमधून ती सीला जोडताच येत नाही. विंडोज १० वरून ११ वर गेलेल्या संगणकांत कधी कधी असे दोन-तीन छोटे कप्पे दिसतात, त्यातला एकच वापरात असतो. कोणता ते नक्की माहीत नसेल तर एकालाही हात न लावलेला बरा. उलट कप्पा लहान असण्याचाच त्रास होतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक अपडेट असंख्य संगणकांवर अडलं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये त्याला लागणारी २५० एमबी मोकळी जागा नव्हती.

पेवात उतरण्याआधी जाणती माणसं कंदील खाली सोडून पाहायची, आत हवा कोंडलेली असते म्हणून. आपल्यासाठी तो कंदील म्हणजे बिटलॉकरची किल्ली. नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि रिकव्हरीत गेल्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात असते. ते खातं दुकानदाराच्या ईमेलचं निघालं तर? सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन आजच बघून घ्या. खातं तुमचं असेल तर किल्ली कागदावर उतरवा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.

आणखी एक गोष्ट पालकांनी विसरू नये. हे पेव त्याच डिस्कमध्ये असतं. डिस्कच जळाली तर पेवही गेलं. म्हणून १६ जीबी किंवा मोठा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, कारण त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. स्टार्टच्या शोधपट्टीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' लिहा, सिस्टीम फाइल्सच्या चौकोनात टिक ठेवा आणि सुरू करा. वेळ लागतो, तास-दोन तासही जातात. पीसीला इन्व्हर्टर नसेल तर लाइट टिकेल अशी वेळ निवडा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. यात तुमचे फोटो आणि फाइली येत नाहीत, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावीच लागते.

आणि दुकानात जायची वेळ आलीच, तर संगणक देतानाच तीन गोष्टी स्पष्ट सांगा : आधी माझ्या फाइलींची प्रत काढा, रिकव्हरी पार्टिशनला हात लावू नका, आणि विंडोज टाकायचीच असेल तर लॅपटॉपसोबत आलेलीच टाका. जमल्यास चिठ्ठीवर लिहून ती लॅपटॉपलाच चिकटवा, कारण तुमच्याशी बोलणारा मालक असतो आणि काम करणारा पोरगा आतल्या खोलीत.