शिट्टीनंतरचे हात

पंचाची शिट्टी एकच. ती वाजण्याची कारणं मात्र डझनावारी. कबड्डी-खोखो पाहत वाढलेल्या हिंगोलीकराला कबड्डीच्या पंचाचा वर गेलेला अंगठा बरोबर कळतो: बोनस गुण! तोच माणूस शालेय स्पर्धेत पोरीचा बास्केटबॉलचा सामना बघायला आला, की दर शिट्टीला शेजाऱ्याला विचारतो, "आता काय झालं?"

उत्तर पंचाच्या हातांत असतं.

कबड्डीचं पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, बास्केटबॉलचं 28 बाय 15. आरडाओरड्यात पंचाचा आवाज गुणलेखकाच्या टेबलापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून खुणा ठरल्या, आणि 'फिबा' या जागतिक महासंघाच्या नियमपुस्तकात त्या चित्रांसह छापल्या गेल्या.

पहिली खूण सगळ्यात महत्त्वाची. हात वर गेला आणि मूठ बंद असेल, तर फाउल झाला. म्हणजे कुणीतरी नियम मोडून कुणाला तरी धक्का दिला, अडवलं किंवा धरलं. पंजा उघडा असेल, तर चूक चेंडू हाताळण्याची किंवा वेळेची. मग तपशील येतो. दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरल्या, तर खेळाडू चेंडू घेऊन जादा पावलं चालला. तीन बोटं दाखवत हात पुढे आला, तर प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटखालच्या रंगीत चौकटीत तो तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळला. बोटं खांद्याला टेकली, तर 24 सेकंदांत बास्केटवर फेक झाली नाही.

फाउलच्या खुणा तर अभिनयच. दोन्ही हात कमरेवर, म्हणजे वाट अडवली. उघड्या तळव्यावर मूठ आपटली, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्याच्या अंगावर गेला. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट खाली धरलं, तर पकडून ठेवलं; तेच मनगट डोक्यावर धरलं, तर खिलाडूपणा सोडलेला फाउल. हात फक्त वर गेला, पण शिक्षा कितीतरी वाढली.

मग पंच टेबलाकडे वळून क्रमाने सांगतो: कोणाचा फाउल, कसला, पुढे काय. क्रमांकही बोटांवरच. बारा नंबरसाठी उजव्या हाताची मूठ आणि डाव्याची दोन बोटं. सोळापासून पुढे आधी हाताची मागची बाजू दाखवून दशक, मग तळवा दाखवून एकक. पूर्वी फिबाच्या स्पर्धांत जर्सीचे क्रमांक 4 ते 15 एवढेच असत. 2014 पासून 0, 00 आणि 1 ते 99 वापरता येतात, तेव्हा बोटांचं कामही वाढलं.

आंतरराष्ट्रीय सामन्यात पंच खुणेसोबत इंग्रजीत बोलतोही. पण पुण्याच्या स्नेहल बेंडके यांच्यासारख्या फिबाच्या आंतरराष्ट्रीय पंच जी मूठ वर करतात, तीच हिंगोलीतल्या शालेय सामन्यातही वर जाते.

नवख्याला सर्वांत जास्त फसवते ती इंग्रजी 'टी'ची खूण. आडव्या तळव्याखाली एकच बोट टेकवलं, तर टाइम-आउट: एक मिनिट पाणी प्या, प्रशिक्षकाचं ऐका. बोटाऐवजी आख्खा पंजा टेकवला, तर तो टेक्निकल फाउल, म्हणजे अंगाला न भिडता केलेलं गैरवर्तन, आणि प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू फ्री थ्रोच्या, म्हणजे विनाअडथळा फेकीच्या, रेषेवर उभा.