विश्लेषण : आधी घटना, मग नियम! विमानतळावरील सुरक्षेचा ताण कर्मचाऱ्यांवर का पडतो?

किल्लारी : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली, तेव्हा देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या ‘झोन १’मध्ये होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि किल्लारी परिसर ‘झोन ३’मध्ये गेला. बैल गेला आणि झोपा केला, याचा अनुभव या भागाने घेतला आहे. विमानतळांवरील सुरक्षेचे नियमही याच क्रमाने वाढत गेले. त्याचा रोजचा ताण मात्र विमान कंपन्यांचे कर्मचारी सोसतात.

नियम केव्हा येतात?

भारतात १९७६ च्या विमान अपहरणानंतर १९७८ मध्ये ‘बीसीएएस’ हा नागरी विमान सुरक्षा विभाग सुरू झाला. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानातील स्फोटात ३२९ जणांचा जीव गेला. त्यानंतर १९८७ मध्ये या विभागाला स्वतंत्र दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘आयसी ८१४’चे अपहरण झाले आणि २००० पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने ‘सीआयएसएफ’कडे गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विमानांत बॉम्ब असल्याच्या खोट्या धमक्यांचे सत्र सुरू झाले. डिसेंबरमध्ये अशा धमक्यांसाठी दंडाची तरतूद आली.

नियम एकाचा, वाद दुसऱ्याशी

नियम ‘बीसीएएस’ करते. तपासणी ‘सीआयएसएफ’चे जवान करतात. पण रांग लांबली की प्रवासी भांडतो तो विमान कंपनीच्या काउंटरवरील मुलामुलींशी. नियम सैल करण्याचा अधिकार त्यांना नसतो. विमाने वेळेवर सुटली की नाही, याची आकडेवारी ‘डीजीसीए’ दरमहा कंपनीच्या नावानिशी जाहीर करते.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावात सर्व प्रवाशांची विमानात चढण्यापूर्वी दुसऱ्यांदा झडती सक्तीची झाली. ही झडती विमान कंपनीचेच सुरक्षा कर्मचारी घेतात. चेक-इन ७५ मिनिटे आधी बंद होऊ लागले. काम वाढले, पण विमानाची वेळ तीच राहिली.

आक्षेप नेमका काय?

सुरक्षा नको, असे कुणी म्हणत नाही. मागचा धोका बंद करताना पुढचा दिसत नाही, ही खरी अडचण आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॉकपिटचे दरवाजे बाहेरून उघडता येणार नाहीत इतके भक्कम झाले. २४ मार्च २०१५ रोजी ‘जर्मनविंग्ज’च्या सहवैमानिकाने याच दरवाजाआड कॅप्टनला बाहेर ठेवले आणि विमान आल्प्समध्ये आदळवले. विमानातील सर्व १५० जण ठार झाले. मग युरोपात कॉकपिटमध्ये कायम दोघे असावेत, अशी शिफारस आली.

नियम मागे घेता येतो?

येतो, पण वेळ लागतो. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटके लपवली होती. २००६ पासून अमेरिकेत तपासणीत बूट काढणे सक्तीचे झाले. ते जुलै २०२५ मध्ये थांबले. आपल्याकडे हातातील बॅगेच्या टॅगवर शिक्का मारण्याची पद्धत एप्रिल २०१७ मध्ये मुंबई, दिल्लीसह सात विमानतळांवर बंद झाली.

भूकंपाच्या नियमांचा ठरावीक काळाने फेरविचार होतो. विमानतळावरील प्रत्येक नियमालाही फेरविचाराची तारीख असेल, तर कालबाह्य तपासण्या गळतील आणि मनुष्यबळ खऱ्या धोक्याकडे वळवता येईल.

तोवर किल्लारीहून हैदराबाद किंवा पुण्याचे विमानतळ गाठणाऱ्यांनी निघण्यापूर्वी चेक-इन बंद होण्याची वेळ पाहून घ्यावी. ती वेळ टळली, तर काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या हातात काही नसते.