शिवेचा साक्षीदार आणि दाखल्याची शीव

जुन्या काळी दोन गावांत शिवेवरून भांडण लागले की महाराला बोलावीत. कोणता दगड कोणाच्या हद्दीतला, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, हे तो सांगेल ते खरे. वेशीवर पहारा त्याचा आणि सरकारी सांगावा घेऊन रात्री-बेरात्री दुसऱ्या गावी पळायचे तेही त्यानेच. ही वतनाची कामे. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याचे घर मात्र वेशीबाहेर! वतनाने त्याला गावाशी बांधून ठेवले होते. ते जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष संपली ती १९५८ च्या कायद्याने.

अलीकडे विद्यापीठांतून सीमा आणि स्थलांतर या विषयावर बराच अभ्यास चालतो. एतिएन बालिबार या फ्रेंच विचारवंताचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाच्या ये-जा करण्यावर जिथे जिथे पहारा बसतो तिथे सीमा असते, ती नकाशाच्या कडेलाच शोधू नये. आम्हाला यात नवल वाटले नाही. आपल्या खानदेशात हे १९२९ सालीच घडून गेले आहे.

अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब त्या वर्षी खानदेशात आले होते. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाडा स्टेशनपासून सुमारे दोन मैल. स्टेशनावर टांगे पुष्कळ होते, पण अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. कायदेमंडळाचा सभासद, बॅरिस्टर, पण टांग्यात बसायचा परवाना नाही! साहेबांना पायी कसे न्यायचे, म्हणून आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीच्या फरशीवर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत पडला. पायाचे हाड मोडले. ज्यांनी टांगा आणला त्यांचा काय दोष? त्यांना आपल्या माणसाचा मान राखायचा होता.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला. त्या लिखाणाचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. परदेशात जाताना लागतो तो व्हिसा; इथे आपल्याच देशात टांग्यात बसायला, पाणी प्यायला तो लागत होता.

आता आजची गोष्ट. भुसावळहून सुरतेकडे जाणारी तापीकाठची गाडी आपल्या ओळखीची आहे. जळगाव, धुळे जिल्ह्यांतील किती घरे तिने उधना, लिंबायत, पांडेसऱ्याला नेऊन सोडली! १ मे १९६० पूर्वी ही सारी एकाच मुंबई राज्याची माणसे. त्या दिवशी राज्याचे दोन तुकडे झाले, पश्चिम खानदेशातली काही गावेही गुजरातेत गेली. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. एकाच फलाटावर चार पावले चाललात की राज्य बदलते. तिकीट तपासनीस तिथे काही विचारत नाही. विचारतो तो कचेरीतला बाबू.

कारण अनुसूचित जातींची यादी राज्याराज्यांची वेगळी. महार हे नाव गुजरातच्या यादीतही आहे, तरी महाराष्ट्रातून गेलेल्याला त्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये, पुन्हा १९९४ मध्ये आणि २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे हेच सांगितले. कायद्याचे म्हणणे, मागासलेपण त्या त्या राज्यातले पाहायचे. आम्हाला हे पटत नाही. माणूस सुरतेत उतरला म्हणजे त्याची जात नवापूरच्या फलाटावर राहते काय? भाड्याने खोली मागताना घरमालक तर बरोबर ओळखतो.

गेल्या वैशाखात विहारात पारोळा तालुक्यातले एक वृद्ध गृहस्थ आले. चाळीस वर्षे सुरतेत लूमवर काढलेली. नात तिथेच बारावी झाली. तिला तिकडे सांगितले, तुम्ही महाराष्ट्राचे. इकडे एका कचेरीत सांगितले, मुलगी जन्मली सुरतेत, तिकडेच जा. “आते काय करानं, भाऊ?” असे म्हणून ते खाली बसले.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख पाहिली जाते. त्याआधी कुटुंब इथे होते आणि जात कोणती, याचा पुरावा लागतो. तेव्हा आजोबांच्या वडिलांचा शोध सुरू झाला. गावच्या शाळेतले रजिस्टर पहिल्या खेपेला ‘वाळवीने खाल्ले’, दुसऱ्या खेपेला सापडले! १९४६ ची नोंद, जात महार. त्यावर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला. दाखला निघाला, पडताळणीही झाली. पण अनेक अभ्यासक्रमांना अधिवासाची अट असते, तिथे गाडी अडली आणि मुलीचे एक वर्ष गेले.

वाचकांना विनंती, विशेषतः माताभगिनींना. आपली लेक लग्न होऊन सुरतेस जाते, तेव्हा तिच्या ट्रंकेत साडी-भांड्यांबरोबर वडिलांचा जातीचा दाखला आणि तिचा शाळा सोडल्याचा दाखला ठेवा. लग्नाने तिला सासरच्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत. शाळेत नोंद न मिळाल्यास कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद किंवा वतनाचा जुना उतारा पाहावा. आजोबा कधी शाळेत गेलेच नाहीत, अशा घरांना हेच कागद उपयोगी पडतात. आणि परराज्यात राहणाऱ्या मुलांना वडिलांच्या मूळ राज्यातील दाखल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने जातीचा दाखला द्यावा, अशी केंद्राची १९८२ पासूनची सूचना आहे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत तो चालतो. नाही म्हणणाऱ्याकडून नकार लेखी मागून घ्यावा.

ती मुलगी आता धुळ्याला मावशीकडे राहते. तिच्या कागदांचा एक जुडगा सुरतेच्या खोलीत आहे, एक मावशीकडे आणि एक विहाराच्या कपाटात. त्या कपाटात आता असे तेवीस जुडगे झाले आहेत. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही तिथे बसतो. येताना जुने कागद पिशवीतून आणावेत, घडी पडलेले, फाटलेले कसेही असोत.