बोकड्या आणि तुडतुड्याची हातमिळवणी

वांग्याच्या वावरात मधूनच एखादं झाड झुडपासारखं दाटतं. पानं बारीक, देठ आखूड, बगलेतून फुटवेच फुटवे आणि फळाचा पत्ता नाही. शेतकरी याला बोकड्या म्हणतात, कृषी पुस्तिका पर्णगुच्छ. तुडतुडे तो पसरवतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. मात्र तुडतुडा हा नुसता हमाल नव्हे.

या रोगाचं मूळ फायटोप्लाझ्मा, म्हणजे पेशीभित्तिका नसलेला जिवाणू. असे रोग विषाणूंमुळे होतात, अशी समजूत 1967 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी मोडली. झाडात हा जिवाणू अन्नरसाच्या वाहिन्यांत राहतो. तुडतुड्यानं तो रस शोषला की जिवाणू त्याच्या आतड्यात पोचतो, आतड्याची भिंत ओलांडून शरीरद्रवात शिरतो आणि शेवटी लाळग्रंथी गाठतो. वाटेत त्याची संख्या वाढत जाते. यात काही आठवडे जाऊ शकतात. त्यानंतरच तुडतुड्याची लाळ रोग देऊ लागते.

प्रत्येक कीड जिवाणूला अशी वाट देत नाही. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 मध्ये कांद्यावरच्या फायटोप्लाझ्मात याचं एक कारण दाखवलं. जिवाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन तुडतुड्याच्या आतड्याभोवतीच्या स्नायूंतल्या अ‍ॅक्टिनला धरतं. ज्या जातींच्या अ‍ॅक्टिनशी ही पकड जमते, त्या जाती रोग पसरवतात, इतर नाहीत.

झाडात उतरल्यावर जिवाणू स्वतःची प्रथिनं सोडतो. इंग्लंडच्या जॉन इनेस सेंटरनं ‘अ‍ॅस्टर यलोज’ या फायटोप्लाझ्माच्याच रोगात ती ओळखली. ‘सॅप-11’ हे प्रथिन झाडाच्या वाढीचे नियंत्रक मोडतं. त्यामुळे किडीविरुद्ध झाडाचं शस्त्र असलेलं जॅस्मॉनिक आम्ल कमी तयार होतं आणि तुडतुड्यांची पिल्लावळ वाढते. ‘सॅप-05’ झाडाच्या पेशीतलीच प्रथिनं मोडणारी यंत्रणा हाताशी धरून झाडाला वयात येऊ देत नाही. किडीतल्या त्याच यंत्रणेला मात्र ते धरू शकत नाही. झाडाच्या त्या यंत्रणेतल्या एका प्रथिनात फक्त दोन अमिनो आम्लं बदलली, तर झाड ‘सॅप-05’ला दाद देत नाही, हे 2021 मध्ये सिद्ध झालं.

असं वाण अजून शेतकऱ्याच्या हाती नाही आणि लागण झालेलं झाड बरं करणारी फवारणीही नाही. शिवाय रोगट झाड हे तुडतुड्यांना पुढच्या लागणीचं कोठार ठरतं. म्हणून चार फळांच्या आशेनं ते राखू नका. दिसताक्षणी उपटून नष्ट करा आणि रोपवाटिकेपासूनच तुडतुड्यांवर नजर ठेवा.