लेकरू खेळायचे थांबते तेव्हा

कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातून एक आजी चार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन दवाखान्यात आली. आई-बाप वेचणीला गेलेले. "डॉक्टरसाहेब, पोरगं खेळतच नाही जी. नुसतं उचलून घ्या म्हणते." अंगात बारीक ताप, थोडा खोकला, चेहरा फिकट. बाहेर बाकांवर वीस-पंचवीस माणसे बसलेली. मी छाती तपासली, जंताचे औषध दिले, लोहाचे टॉनिक लिहून दिले आणि आठ दिवसांनी यायला सांगितले.

आठव्या दिवशी आजी आली ती मुलाची चड्डी वर सारूनच. दोन्ही नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके होते आणि मांडीवर दोन निळे डाग. "कुठे पडला का, मार लागला का?" असे मी विचारले. आजी म्हणाली, "मार लागाले तो खेळते कुठं?"

त्या एका वाक्यात सगळे निदान होते. खरे म्हणजे ते पहिल्या दिवशीही होते. त्याच दुपारी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ६, प्लेटलेट १८ हजार, आणि काचपट्टीवर रक्ताचा थर पाहिलेल्या पॅथॉलॉजिस्टनी रिपोर्टची वाट न पाहता फोनच केला. मुलाला रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया होता. मधले ते आठ दिवस मी आजही माझ्या नावावर मांडून ठेवले आहेत. आजच्या लेखाचे कारण तेच.

वाचकांनी आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा आजार विरळा आहे. आपल्या भागातील फिकट आणि तापकरी मुलांपैकी बहुतेकांना जंत, लोहाची कमतरता, हिवताप, विषमज्वर किंवा साधा सर्दी-ताप असतो. लहान गावातल्या डॉक्टरला असे मूल कित्येक वर्षांत एखादे दिसते. म्हणूनच ते नजरेतून निसटते. मुलांना होणाऱ्या कर्करोगांत मात्र ल्युकेमियाचा क्रमांक पहिला, आणि दोन ते पाच या वयात तो सर्वांत जास्त आढळतो.

शेतात तण माजावे तसे

आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट रक्तस्राव थांबवतात. ल्युकेमियात एका जातीच्या कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. कपाशीत कुंदा माजला की तो खत-पाणी खातो आणि कपाशी पिवळी पडते, तसेच इथे होते. कच्च्या पेशी जागा अडवतात आणि बाकीच्यांची पैदास खुंटते.

एवढे समजले की लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. तांबड्या पेशी घटल्या की मूल पांढुरके पडते, दमते, चार पावले चालून बसते. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप येतो, जातो, पुन्हा येतो, तोंड येते. प्लेटलेट घटल्या की नाकातून, हिरड्यांतून रक्त येते, कारण नसताना डाग उठतात. मगजात गर्दी दाटली की हाडे दुखतात. तिथून त्या पेशी बाहेर पडून गळ्यातील गाठी, यकृत आणि पानथरी फुगवतात, पोट पुढे येते.

यातले एखादेच लक्षण दिसले म्हणून झोप उडवून घेऊ नये. दोन-तीन एकत्र दिसली आणि ती आठवड्यागणिक वाढत चालली, तर मात्र थांबू नये.

फिकेपणा गालावर पाहू नका. आपल्या सावळ्या रंगात तो गालावर कळत नाही. मुलाचा तळहात स्वतःच्या तळहाताशेजारी धरा, खालची पापणी ओढून आतली लाली पहा. लोहाच्या कमतरतेचा फिकेपणा महिनोन् महिने हळूहळू येतो. "पंधरा दिवसांत पोरगं पांढरं पडलं" असे घरचे सांगत असतील, तर ते टॉनिक देऊन घरी पाठवायचे मूल नव्हे.

लाल ठिपक्यांची परीक्षा घरी करता येते. काचेचा पेला ठिपक्यावर दाबून आरपार पहा. डास चावल्याची लाली दाबाखाली नाहीशी होते. कातडीखाली झिरपलेले रक्त नाहीसे होत नाही. डेंग्यूतही प्लेटलेट उतरतात आणि असे ठिपके येतात, म्हणून पावसाळ्यानंतर घोटाळा होतो. पण डेंग्यू आठ-दहा दिवसांत उतरणीला लागतो आणि प्लेटलेट आपोआप चढतात. त्या चढल्या नाहीत, तर पुन्हा विचार करायला हवा. काहीही असले तरी ठिपके दिसले की त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. खेळत्या मुलाच्या नडगीवर निळे डाग असायचेच. ते पाठीवर, पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला येऊ लागले, तर ते खेळण्याचे नव्हेत.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. ते दुखते आणि जखम भरली की उतरते. ल्युकेमियातील गाठी बहुधा दुखत नाहीत, बऱ्याच ठिकाणी येतात आणि उतरत नाहीत. मुलग्यांमध्ये क्वचित एका बाजूचा वृषण न दुखता मोठा होतो. लाजेपायी ही गोष्ट कुणी सांगत नाही.

पाय दुखण्याचे दुखणे

सर्वांत जास्त फसगत इथे होते. वाढत्या वयातील पाय संध्याकाळी दुखतात, दोन्ही दुखतात, आईने चेपून दिले की मूल झोपते आणि सकाळी उठून धावते. त्याची काळजी नको. पण दुखण्याने मूल मध्यरात्री रडत उठते, सकाळी लंगडते, उभे राहायलाच नको म्हणते, कालपर्यंत चालणारे मूल कडेवर घ्या म्हणते, तेव्हा ते वाढीचे दुखणे नाही. काही मुलांत हे एवढे एकच लक्षण कित्येक आठवडे असते. रक्ताचा साधा रिपोर्टही सुरुवातीला बिनचूक वाटू शकतो.

आपल्या विदर्भात आणखी एक गुंतागुंत आहे, ती सिकलसेलची. मेळघाटातल्या आणि पायथ्याच्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे. त्यातही हाडे दुखतात, मूल फिकट दिसते, पानथरी वाढते. त्यामुळे एखाद्या घरात सिकलसेल ठाऊक असला की प्रत्येक दुखणे त्याच्याच खात्यावर टाकले जाते. सिकलसेलची प्राथमिक चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते, ती जरूर करावी. पण सिकलसेलच्या मुलाच्या अंगावर रक्ताचे ठिपके उठत नाहीत. ते उठले तर दुसरे काही शोधलेच पाहिजे.

आता थोडे कडू बोलतो. सांधा दुखतो, ताप हटत नाही, म्हणून नेमके निदान न करता स्टेरॉइडची सुई किंवा गोळ्या देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. मूल दोन दिवसांत टुणटुणीत होते, आणि देणाऱ्याचा नावलौकिक वाढतो. ल्युकेमिया असेल तर हेच औषध त्या कच्च्या पेशी काही काळ मारते. रक्तात त्या दिसेनाशा होतात, निदान चुकते, आणि दोन-चार आठवड्यांनी आजार परततो तो औषधाला सरावून. हेच स्टेरॉइड या आजाराच्या खऱ्या उपचारातही असते, पण तिथे ते इतर औषधांच्या जोडीने आणि ठरलेल्या दिवसांसाठी असते. पालकांनी एवढे करावे, की कुणीही सुई दिली तरी तिचे नाव कागदावर लिहून मागावे. न देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

ठिपके असलेल्या मुलाला कंबरेत सुई टोचू देऊ नये, आतल्या आत रक्त साकळते. तापासाठी ॲस्पिरिनही नको. पॅरासिटॅमॉल पुरे.

एक चाचणी

पहिली पायरी अगदी साधी आहे. सी.बी.सी. आणि तिच्या जोडीला काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून जाणत्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. दुसरा भाग महत्त्वाचा. नुसते यंत्राने काढलेले आकडे फसवतात. "पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ब्लड कॅन्सर" ही समजूत दोन्हीकडून चुकीची आहे. साध्या न्यूमोनियातही त्या वाढतात. आणि ल्युकेमियात त्या लाखांत असू शकतात, नेहमीइतक्या असू शकतात किंवा चार हजारांच्याही खाली असू शकतात. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांपैकी दोन आकडे एकाच वेळी बिघडलेले दिसले, तर विशेषज्ञाला दाखवावे. पक्के निदान हाडातील मगज काढून होते. "पाठीचं पाणी काढलं की पोरगं लुळं पडते" या भीतीने काही जण इथूनच परत फिरतात. ती भीती निराधार आहे. मगज बहुधा कमरेच्या हाडातून काढतात. पुढे मणक्यातून पाणी काढून औषध सोडावे लागते, तेही सुरक्षित हातांनी होते.

अंगणातली सदाफुली

जुन्या वाचकांना १९७८ चा 'अंखियों के झरोखों से' आठवत असेल. त्यातील नायिका याच आजाराने जाते. आपल्या मनात तेच चित्र घट्ट बसले आहे. ते त्या काळी खोटे नव्हते, आज खोटे आहे.

१९४७-४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनी १६ आजारी मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. त्यांपैकी १० मुले काही काळ सुधारली. ते औषध तयार केले होते आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. दुसरे औषध व्हिन्क्रिस्टीन. ते मिळाले आपल्या अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीतून. पण म्हणून कुणी सदाफुलीचा पाला वाटून मुलाला पाजू नये. खंडीभर पाल्यात चिमूटभर औषध असते, बाकीचे विषारी असते, आणि व्हिन्क्रिस्टीन शिरेतूनच द्यावे लागते. हे सांगावे लागते, कारण असा काढा पाजून आणलेली मुले पाहिली आहेत.

१९८४ पासून मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीची एम्स आणि मद्रासची कर्करोग संस्था यांनी एकच ठरलेली उपचारपद्धती वापरायला सुरुवात केली. त्यापूर्वी आपल्या देशात दहांतील दोन मुलेही वाचत नसत. त्या पद्धतीने निम्म्याच्या आसपास वाचू लागली. आज चांगल्या केंद्रांत त्याहून बरीच जास्त वाचतात. श्रीमंत देशांत दहापैकी नऊ. टाटामध्येच १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीवर देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. मात्र बहुतेक मुलांना प्रत्यारोपण लागत नाही, औषधांनीच भागते.

उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. अडचण पहिल्या महिन्यानंतरच सुरू होते. चार-पाच आठवड्यांत रक्त स्वच्छ दिसू लागते, मूल हसते, खाते. डोक्यावरचे केस तेवढे गेलेले असतात. इकडे पेरणी आलेली, गाठीचे पैसे सरलेले. "बरं झालं, आता कशाला जा?" म्हणून माणसे घरी बसतात. लपलेल्या पेशी मग काही महिन्यांत परत येतात, आणि दुसऱ्या खेपेला त्या सहज हटत नाहीत. मुलगी असेल तर हा निर्णय जरा लवकर होतो, हेही लिहून ठेवतो.

हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. आईने गरोदरपणात काही खाल्ले म्हणूनही होत नाही. सुनेला बोल लावणाऱ्या सासवांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

कुठे जायचे? अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात बालरोग विभाग आहे, तिथे आधी दाखवावे. पुढे नागपूर किंवा मुंबई. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईत दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथे टाटाच्या बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. यावलीचे तुकडोजी आणि आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचे गाडगेबाबा. वऱ्हाडातून निघालेल्या माणसाला दोन्ही वाटांवर घरचीच नावे भेटतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्यातील रुग्णालयांत केमोथेरपी होते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठावे. शिधापत्रिका, मुलाचे आणि पालकांचे आधार कार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट, काचपट्ट्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात पूर्ण आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातील दाखला लागतो. तो परतीच्या आधीच मागून घ्यावा, म्हणजे पुढच्या खेपेला उपयोगी पडतो.

त्या आजीच्या नातवाचे औषध तीन वर्षांनी थांबले. आता तो तपासणीला येतो तेव्हा बाकावर बसत नाही, दवाखान्याच्या पायऱ्यांवरून उड्या मारतो, आणि नडगीवर दर वेळी नवा निळा डाग असतो. आजी तो मला बोटाने दाखवते. "हा मात्र पडूनच झाला जी," म्हणते.