आधी तापी, मग तोरणमाळ

ब्राह्मणपुरीच्या शिवारात सकाळी उभं राहिलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते. पावसाळा सरून हवा स्वच्छ झाली की त्या रांगेतल्या घळी एकेक करून मोजता येतात. चैत्र-वैशाखात तीच रांग धुरकट होऊन फिकट रेघेसारखी उरते. शहादा तालुक्यातलं हे शेतकऱ्यांचं गाव पर्यटनाच्या नकाशावर नाही. पण नंदुरबार जिल्हा पहिल्यांदाच पाहायला येणाऱ्याने इथे घटकाभर थांबावं. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि मधे काळीभोर जमीन, अशी या मुलखाची सगळी मांडणी इथून ध्यानात येते.

बहुतेक पाहुणे गाडी काढतात, थेट सातपुड्यातलं तोरणमाळ गाठतात, तलावाकाठी फोटो काढतात आणि दिवस मावळायच्या आत माघारी फिरतात. त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं, डोंगर चढायची घाई करू नका. आधी नदीवर जा.

नदीवर म्हणजे प्रकाशाला. शहाद्याहून नंदुरबारकडे जाताना तापीकाठी हे गाव लागतं. सातपुड्यातून आलेली गोमाई शहाद्यावरून वाहत इथे तापीला मिळते. प्रकाशाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर आणि पुष्पदंतेश्वर ही इथली प्रमुख शिवमंदिरं. घाटावर कुणी दशक्रियेसाठी आलेलं असतं, कुणी स्नानासाठी. बॅरेजमुळे पात्रात पाणी अडून राहतं, त्यामुळे एके काळी उन्हाळ्यात रोडावणारी तापी आता इथे रुंद आणि संथ दिसते.

पण प्रकाशाचं खरं वय मंदिरांवरून कळत नाही, ते पांढरीच्या टेकाडात दडलेलं आहे. 1955 साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या बी. के. थापर यांनी संगमाजवळच्या या टेकाडात उत्खनन केलं. एकाखाली एक असे वस्तीचे चार कालखंड उघडे झाले. सर्वांत खालचा थर ताम्रपाषाणयुगातला, म्हणजे साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती निघाली, तांबड्या पृष्ठावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली माळवा आणि जोर्वे पद्धतीची खापरं निघाली. माळव्यातल्या आणि गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या कुंभारकामाच्या खुणा तापीच्या काठावर एकत्र सापडाव्यात, याचा अर्थ सरळ आहे. हा मुलूख तेव्हाही आडबाजूला नव्हता. उत्तर आणि दक्षिण इथे एकमेकांना भेटत होत्या.

तापीच्याच काठावर सारंगखेडा आहे. तिथल्या एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि त्या यात्रेतला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. मार्गशीर्षात येणार असाल, तर हा मुक्काम चुकवू नका.

नदीकडून डोंगराकडे निघालं की दोन्ही बाजूंना पपई, केळी आणि उसाचे मळे लागतात. शहाद्याची पपई ट्रक भरभरून उत्तर भारतात जाते. पुरुषोत्तमनगरचा सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यात उभा राहिला. ही समृद्धी पाहताना या जमिनीचा दुसरा इतिहासही माहीत असायला हवा. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, सालदारांना माणसासारखं वागवलं जावं, यासाठी याच तालुक्यातले अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. 1972 साली शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली आणि त्यातून श्रमिक संघटनेचं काम वाढत गेलं. वारसा म्हटलं की आपण देवळं आणि किल्ले मोजतो. शहाद्याच्या काळ्या रानाचा वारसा या माणसांच्या लढ्याशिवाय पुरा होत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी, दरा गावाजवळ, उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. गोमुखातून पाण्याची धार अखंड पडते. थंडीतल्या सकाळी त्या धारेखाली हात धरला, तर प्रवासाचा शीण तिथेच उतरतो. नर्मदा आणि तापी या दोन खचदऱ्यांच्या मधे उभा राहिलेला सातपुडा हा गट पर्वत आहे, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. इथे तो धडा तळहाताला जाणवतो, कारण हे ऊन पाणी खचताना पडलेल्या भेगांवाटे जमिनीच्या पोटातून येतं.

आता घाट चढायचा. म्हसावद आणि राणीपूर मागे पडलं की सपाटी संपते आणि साग, मोह, अंजनाची झाडी सुरू होते. ‘सात पायरी’ नावाने ओळखली जाणारी घाटाची वळणं एकावर एक चढत जातात. वर साडेअकराशे मीटरच्या आसपास तोरणमाळचं पठार पसरलेलं आहे. यशवंत तलाव, कमळांचं तळं, सीताखाईची खोल दरी, मच्छिंद्रनाथांची गुहा आणि गोरक्षनाथांचं मंदिर ही पाहण्याची ठिकाणं. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातूनच नव्हे, तर मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही आदिवासी भाविक येतात, आणि त्यातले कितीतरी डोंगरवाटा पायी तुडवत येतात. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात 1,325 मीटर उंचीचं अस्तंभा शिखर आहे. जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तिथे राहतो, अशी श्रद्धा. धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो लोक रात्रीच्या अंधारात तो डोंगर चढतात.

पठारावर तलावाइतकाच वेळ पाड्यांसाठी ठेवा. पावरा आणि भिल्ल कुटुंबांची घरं एकाला एक चिकटून नसतात, ज्याचं घर त्याच्या शेतात. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात कोंबड्या. उन्हाळ्यात आलात तर दगडांवर पांढरट फोडी वाळत घातलेल्या दिसतील. तो आमचूर. गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, एकेक सोलायची, फोडी करून कडक उन्हात घालायच्या, अवकाळीचं आभाळ आलं की धावत जाऊन गोळा करायच्या. हे सगळं काम बायका आणि पोरं करतात. आपल्या आमटीतल्या चिमूटभर आंबटपणामागे एवढे हात असतात, हे ती वाळवण पाहिल्यावरच कळतं.

नंदुरबार रेल्वे स्थानक सुरत-भुसावळ मार्गावर आहे. तिथून एसटीने शहादा आणि शहाद्याहून तोरणमाळ गाठता येतं. ऑगस्ट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसात घाटातून गाडी सांभाळून चालवावी. किमान दोन दिवस हाताशी ठेवा. पहिला दिवस तापी आणि पायथ्याला द्या, रात्र शहाद्यात काढा, दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगर चढा.

आणि पाड्यावर जाल तेव्हा विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. आमचूर घ्याल तो तिथल्या बाईच्या हातून घ्या आणि ती सांगेल तो भाव द्या.