परतीची वाट नसलेला बॅकअप

अमेरिकेतील रेडमंड येथे मुख्यालय असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१६ चा बॅकअप २०१९ वर निर्वेध चढतो. मात्र चढताच त्या डेटाबेसचा अंतर्गत आवृत्तिक्रमांक ८५२ वरून ९०४ होतो. त्याचा नवा बॅकअप २०१६ चा सर्व्हर स्वीकारीत नाही. ‘कंपॅटिबिलिटी लेव्हल’ १३० वर आणल्यास सुटका होईल, हा समज व्यर्थ आहे; त्याने क्वेरींचे वर्तन बदलते, फायलीची घडण नव्हे. दरम्यान नव्या नोंदी झाल्या असल्यास स्थलांतरापूर्वीचा बॅकअपही अपुरा ठरतो. मग टेबलांची स्क्रिप्ट जुन्या सर्व्हरवर चालवावी आणि माहिती ‘बीसीपी’ने भरावी. खरी कसोटी स्टोअर्ड प्रोसीजरची: ‘स्ट्रिंग_ॲग’ हे फंक्शन २०१७ च्या आवृत्तीत आले; २०१६ साठी तेवढा भाग हातानेच नव्याने लिहावा लागतो.